हृदयाच्या प्रथिनांचं संशोधन केंद्र कसं चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हृदय आणि रक्तवाहिन्यांमधल्या प्रथिनांवर काम करणारं संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रथिन-विश्लेषण प्रयोगशाळेचं आणि नमुना-संग्रहाचं काम मी पाहते. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूरहून विद्यार्थी आणि प्राध्यापक विचारणा करतात, अधूनमधून एखादे हृदयरोगतज्ज्ञही करतात, आणि प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

हृदयाच्या प्रथिनांसाठी वेगळं केंद्र कशाला हवं?

कारण या विषयातला मोठा शोध सहसा एका खोलीत पुरा होत नाही. ट्रोपोनिनचं घ्या. छातीत कळ आली म्हणून रात्री कुणाला दवाखान्यात नेलं, तर ईसीजीनंतर घरचे सगळे ज्या रक्ततपासणीची वाट बघत बसतात ती ट्रोपोनिनची. हे प्रथिन १९६० च्या दशकात टोकियोमध्ये सेत्सुरो एबाशींनी शोधलं. कॅल्शियम मिळाल्यावर स्नायू आकुंचन कसा पावतो, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. रक्ततपासणीचा विषयच नव्हता. हृदयातलं ट्रोपोनिन टी (ट्रोपोनिनचा एक घटक) रक्तात मोजायची चाचणी जर्मनीत हायडेलबर्गला ह्यूगो काटुस यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणली. पुढे २००० मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्याच बदलली आणि तिच्या केंद्रस्थानी ट्रोपोनिन आलं.

स्नायूला ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची कथाही तशीच. हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा एक आनुवंशिक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. त्याचं मूळ काही कुटुंबांत मायोसिनच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात आहे, हे बोस्टनमधल्या सायडमन पती-पत्नींच्या गटाने १९९० मध्ये दाखवलं. हे प्रथिन ओढतं किती जोराने, बदलामुळे त्याची ताकद वाढते की घटते, यावर नंतर दोन-अडीच दशकं जीवरसायन आणि जीवभौतिकीच्या लोकांनी घाम गाळला. मायोसिनचा जोर थोडा कमी करणारं मावाकामटेन हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ते २०२२ मध्ये.

जनुकतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ एरवी वेगवेगळ्या इमारतींत बसतात. त्यांची गाठ पडायला ३२ वर्षं लागू नयेत, म्हणून केंद्र.

केंद्र आणि विभाग यांत फरक काय?

विभाग शिकवतो, नेमणुका करतो, पदव्या देतो. केंद्राला यातलं फारसं काही करता येत नाही. आमच्या केंद्रातले प्राध्यापक शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र किंवा औषधवैद्यक विभागाचे असतात. पगाराचा मोठा भाग आणि बढती त्यांच्या विभागाच्या हातात. संचालकाकडे असतं ते जागेचं वाटप, सामायिक यंत्रं, छोटी बीज-अनुदानं आणि लोकांना एका टेबलाशी बसवण्याची हातोटी. हुकूम सोडून केंद्र चालत नाही. विभागप्रमुखांशी ज्यांचं पटत नाही अशा संचालकांची केंद्रं कागदावरच राहिलेली मी पाहिली आहेत.

पैसा कुठून येतो?

अमेरिकेत मुख्यतः केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून, म्हणजे सगळे जिला एनआयएच म्हणतात तिच्याकडून. आणि त्यातही हृदय, फुप्फुस व रक्त यांसाठीच्या तिच्या घटक संस्थेकडून, एनएचएलबीआयकडून. याच संस्थेने २००२ मध्ये देशभरात दहा प्रोटिओमिक्स केंद्रं, म्हणजे एकाच वेळी असंख्य प्रथिनं तपासणारी केंद्रं, उभी केली होती. २०१० मध्ये नवी फेरी निघाली आणि हृदयाच्या प्रथिनांवर लॉस एंजेलिसचं यूसीएलए, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स अशा विद्यापीठांत मोठं काम झालं. यूसीएलएच्या गटाने हृदयपेशीतल्या घटकांमधल्या प्रथिनांचा खुला ज्ञानकोश तयार केला. आज आम्ही ज्या पद्धती गृहीत धरतो त्यांतल्या बऱ्याचशा त्या काळात घासूनपुसून तयार झाल्या.

दुसरा रस्ता ‘कोब्रे’ नावाच्या अनुदानाचा. ज्या राज्यांना संशोधनाचा पैसा पूर्वापार कमी मिळत आला त्यांच्यासाठी ही योजना २००० मध्ये सुरू झाली. एकेक टप्पा पाच वर्षांचा, असे तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात तरुण प्राध्यापकांच्या प्रकल्पांना पैसा आणि ज्येष्ठांचं मार्गदर्शन मिळतं. तरुण प्राध्यापकाने स्वतःचं मोठं अनुदान मिळवलं की तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नवा येतो. शेवटच्या टप्प्यात पैसा मुख्यतः सामायिक प्रयोगशाळा टिकवण्यासाठी असतो. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात माणसं घडवणं हा मूळ हेतू आहे आणि यंत्रं त्या हेतूसाठी येतात.

शिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशन, देणगीदार, औषध कंपन्यांबरोबरचे करार.

इथे एक गोष्ट भारतातून आलेल्यांना हमखास गोंधळात टाकते: अप्रत्यक्ष खर्च. प्रकल्पाला मिळालेल्या रकमेच्या वर वीज, इमारत, हिशेबनीस, सुरक्षा यांसाठी विद्यापीठाला वेगळी टक्केवारी मिळते. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत ती थेट खर्चाच्या निम्म्याहून जास्त आहे. ती सरसकट १५ टक्क्यांवर आणायचा निर्णय २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि न्यायालयाने तो अडवला. बाहेरून ही टक्केवारी उधळपट्टी वाटते. पण उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं वीजबिल आणि रात्री दोनला त्याचा अलार्म वाजल्यावर धावत येणाऱ्या माणसाचा पगार त्यातूनच निघतो.

सामायिक प्रयोगशाळेचे दर कसे ठरतात? नफा होतो का?

नफा करायची परवानगीच नसते. वर्षाचा खर्च काढायचा, यंत्र किती तास चालेल याचा अंदाज बांधायचा आणि भागाकार करायचा. विद्यापीठातल्यांना एक दर, बाहेरच्या शैक्षणिक संस्थांना थोडा जास्त, कंपन्यांना सर्वांत जास्त. दर वर्षी फेरआढावा असतो. दर खाली ठेवले तर यंत्राची देखभाल रखडते. वर नेले तर नवशिके संशोधक फिरकत नाहीत, आणि तेच तर आम्हाला हवे असतात. म्हणून पहिल्या छोट्या प्रयोगाचा खर्च केंद्राने सोसावा, असं माझं ठाम मत आहे.

मास स्पेक्ट्रोमीटर (प्रथिनं ओळखणारं यंत्र) घेतला की काम सुरू होतं ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर ‘नाही’ असं आहे.

यंत्राचं काम थोडक्यात असं. उतीतली (टिश्यूतली) प्रथिनं काढायची, ट्रिप्सिन नावाच्या विकराने (एन्झाइमने) त्यांचे तुकडे करायचे (ते ठरावीक दोन अमिनो आम्लांपाशीच कापतं, म्हणून तुकड्यांचा अंदाज आधीच बांधता येतो), ते तुकडे केसाएवढ्या बारीक नळीतून वेगवेगळे करत सोडायचे आणि विद्युतभार देऊन त्यांचं वजन अतिशय अचूक मोजायचं. कोणत्या वजनाचा तुकडा कोणत्या प्रथिनातला, हे संगणक ओळखतो. इतक्या मोठ्या नाजूक रेणूंना न तोडता विद्युतभार देण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. सध्याच्या बहुतेक केंद्रांत दिसणारं ऑर्बिट्रॅप जातीचं यंत्र बाजारात आलं २००५ मध्ये.

आता यंत्राभोवतीचं. खोलीचं तापमान दोन-तीन अंशांनी हललं की मोजणी सरकते. वीज क्षणभर गेली तर यंत्रातली निर्वात पोकळी पुन्हा तयार व्हायला दिवस जातो. देखभालीच्या वार्षिक कराराला किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरून चला. हा पैसा अनुदानाच्या अर्जात घालायला लोक विसरतात आणि तिसऱ्या वर्षी यंत्र झाकून ठेवायची वेळ येते.

आणि केरॅटिन! माणसाच्या त्वचेतलं, केसांतलं, लोकरीतलं हे प्रथिन प्रत्येक प्रोटिओमिक्स प्रयोगशाळेच्या पाचवीला पुजलेलं आहे. हिवाळ्यात कुणी लोकरी स्वेटर घालून नमुना तयार केला की हृदयाच्या प्रथिनांच्या यादीत मेंढीचं केरॅटिन झळकतं. म्हणून आमच्याकडे नमुने तयार करायच्या खोलीत स्वेटर बाहेर काढून ठेवायचा नियम आहे, संचालकांनासुद्धा.

रोज सकाळी खऱ्या नमुन्यांआधी एक ठरलेला प्रमाण नमुना चालवायचा आणि कालच्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर त्या दिवशी कुणाचाही नमुना चालणार नाही, मग लेखाची मुदत उद्या असो की आज. या शिस्तीसाठी कायम पदावरचा अनुभवी माणूस लागतो. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जिवावर असं यंत्र चालत नाही.

माणसाच्या हृदयाचे नमुने मिळतात कुठून?

केंद्राचं खरं भांडवल हेच आहे, म्हणून हे उत्तर मोठं आहे.

हृदयाची उती मिळण्याचे मार्ग मोजकेच. प्रत्यारोपणात काढलेलं निकामी हृदय. बायपासच्या वेळी काढला जाणारा उजव्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, छोटा तुकडा. हृदयाच्या कप्प्यांमधल्या जाड झालेल्या पडद्याची छाटणी केली तर त्यातला भाग. आणि यांत्रिक पंप बसवताना डाव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) टोकातून कापून काढलेली चकती. पंपाची नळी आत बसवायला तिथे भोक पाडावंच लागतं, आणि एरवी ती सुपारीएवढी चकती कचऱ्यात गेली असती.

ती चकती हातात येते तेव्हा काय होतं ते सांगते. आमची नमुना-समन्वयक शस्त्रक्रियागृहात आधीपासून उभी असते. आदल्या दिवशी रुग्णाशी बोलून संमतिपत्रावर सही घेतलेली असते. गुंगीचं औषध दिल्यावर किंवा स्ट्रेचरवर घेतलेली संमती आम्ही संमती मानत नाही. तिच्याकडे बर्फात ठेवलेलं द्रावण, बारकोड लावलेल्या कुप्या आणि द्रव नायट्रोजनचा छोटा डबा असतो. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. कुप्यांवर पेनाने लिहिलेलं त्यात टिकत नाही, म्हणून छापील चिकटपट्ट्या. चकती हातात पडली की घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची. चरबी बाजूला करायची, आतला, मधला आणि बाहेरचा थर वेगळा कापायचा, प्रत्येकाचे छोटे तुकडे करून गोठवायचे. गोठवल्याची वेळ पुन्हा लिहायची.

एवढी घाई का? प्रथिनांवर फॉस्फेटचे कण चढत-उतरत असतात आणि त्यांवर हृदयाचं आकुंचन-प्रसरण ठरतं. ॲड्रेनलिन उसळलं की ट्रोपोनिन आयवर फॉस्फेट चढतं आणि ठोक्यानंतर हृदय लवकर सैल पडतं. रक्तपुरवठा तुटलेल्या, कोमट उतीत ही चढउतार करणारी विकरं थांबत नाहीत. तुकडा ट्रेमध्ये अर्धा तास पडून राहिला, तर नंतर आम्ही मोजतो तो त्या अर्ध्या तासाचा परिणाम; रुग्णाचा आजार त्याखाली दडून जातो. कितीही महागडं यंत्र हे दुरुस्त करू शकत नाही. म्हणून वेळेची नोंद नसलेला नमुना आम्ही घेत नाही, आणला कुणीही असो.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. तुलनेसाठी निरोगी हृदय आणायचं कुठून? बहुतेक वेळा ते मेंदूमृत दात्याचं असतं, ज्याचं प्रत्यारोपण काही कारणाने होऊ शकलं नाही. पण मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं उसळलेली असतात, वर तशीच औषधंही चालू असतात, त्यामुळे त्या हृदयातल्या ट्रोपोनिनवर फॉस्फेट भरपूर. उलट निकामी हृदयाचा रुग्ण कित्येक वर्षं बीटा-ब्लॉकरवर, म्हणजे ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधावर, असतो. या दोघांत फरक दिसला तर तो आजाराचा, औषधाचा की मृत्यूच्या प्रकाराचा? हा प्रश्न न विचारता लिहिलेले लेख आजही येतात, आणि परीक्षक म्हणून ते माझ्या हाती आले तर मी ते परत पाठवते.

या कामाचा आदर्श बघायचा असेल तर सिडनी विद्यापीठात क्रिस्टोबल दोस रेमेडिओस यांनी उभी केलेली हार्ट बँक बघा. दात्यांची आणि रुग्णांची हृदयं तिथे द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना दिली. केंटकी विद्यापीठातही असा संग्रह आहे. अशा संग्रहांमागे कुणीतरी अनेक वर्षं रात्री-अपरात्री उठून दवाखान्यात गेलेलं असतं, आणि ते नाव लेखांच्या शेवटी आभारात बारीक अक्षरात येतं. मला ते सहलेखक म्हणून वर आलेलं बघायचं आहे.

गोठवलेल्या तुकड्याचं पुढे काय होतं?

द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या खलबत्त्यात कुटून त्याची पूड करतात. एकाच पुडीतून कुणी प्रथिनं काढतं, कुणी आरएनए. तुकडा वितळू दिला तर सगळं मुसळ केरात.

रक्ताचा नमुना सोपा नाही का? हृदय कापायची गरजच काय?

घ्यायला सोपा, वाचायला अवघड. रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम असतं. अतिसंवेदनशील चाचणीत ट्रोपोनिन टीची वरची मर्यादा लिटरमागे १४ नॅनोग्रॅम धरतात. म्हणजे जवळजवळ तीन अब्ज पटींचा फरक, एकाच नळीत. रक्तद्रवातल्या प्रथिनांच्या एकूण वजनातला ९९ टक्के भाग वीसेक प्रथिनांनीच व्यापलेला असतो. उरलेल्या एका टक्क्यात हृदयाची बातमी शोधायची.

आता प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) किंवा आप्टामरवर (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या डीएनए-आरएनएच्या तुकड्यांवर) आधारलेल्या पद्धतींनी हजारो प्रथिनं एका वेळी मोजता येतात. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत ५४ हजारांहून जास्त लोकांच्या रक्तात सुमारे २,९०० प्रथिनं मोजली आणि ते काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. संख्या डोळे दिपवणारी आहे. पण त्यातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवायला हवं.

रक्त गोळा करणाऱ्यांना आमच्या तीन सूचना असतात: अभ्यासाच्या सुरुवातीलाच प्लाझ्मा (न गोठवलेल्या रक्तातला द्रव) की सीरम (गोठल्यावर उरलेला द्रव) ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधली प्रथिनं बाहेर पडतात, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेळात फिरवली ते लिहा, आणि गुलाबी झाक आलेला नमुना बाजूला काढा, त्यात लाल पेशी फुटलेल्या आहेत.

उंदरावर का भागत नाही?

काही प्रश्नांना भागतं. जनुक बंद करून परिणाम बघायचा तर उंदराला पर्याय कमी. पण उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं आणि त्याच्या जवनिकेत मायोसिनचा वेगवान प्रकार असतो, माणसाच्या जवनिकेत मुख्यतः संथ. टायटिन या महाकाय प्रथिनाचंही तसंच. स्नायूला स्प्रिंगसारखं मागे खेचणारं हे प्रथिन, आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं. उंदरात त्याचा ताठ प्रकार जास्त, माणसात लवचीक प्रकारही बराच. त्यामुळे मायोसिन-टायटिनबद्दल उंदरात दिसलेलं माणसात दिसेलच असं नाही. ससा आणि डुक्कर माणसाच्या जवळ जातात, पण खर्च आणि नैतिक जबाबदारी दोन्ही वाढतात. मूलपेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी अजून गर्भातल्यासारख्या अपक्व असतात. चारही वापरायचे, आणि शेवटचा शब्द माणसाच्या उतीचा.

या सगळ्याचा महाराष्ट्रातल्या वाचकाशी काय संबंध?

फार जवळचा. हृदयाच्या स्नायूत मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी नावाचं प्रथिन आहे. मायोसिनला ते धरून ठेवतं आणि ठोक्याचा जोर आवरतं. त्याच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेला एक प्रकार भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. जगाच्या इतर भागांत तो जवळजवळ नाही. चार टक्के म्हणजे पंचवीस माणसांत एक. तुमच्या-माझ्या चाळीत, सोसायटीत असा कुणीतरी असणारच.

हे वाचून घाबरून जाऊ नका. या प्रकाराने हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो, पण तो वाहणारे पुष्कळ लोक कसलाही त्रास न होता जगतात. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर शक्तिवेल सदयप्पन यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, या गळतीबरोबर त्याच जनुकात आणखी एक बदल असलेला उपगट वेगळा निघाला आणि हृदयाच्या कामातला फरक त्या उपगटात दिसला. म्हणजे चार टक्क्यांतल्या नेमक्या कुणावर लक्ष ठेवायचं, हे हळूहळू कळतं आहे. हे काम आपल्या लोकांच्या नमुन्यांशिवाय होणारच नाही. युरोपीय नमुन्यांच्या कितीही मोठ्या ढिगात ही २५ अक्षरं सापडणार नाहीत.

मिळालेली माहिती कुणाच्या मालकीची? सगळ्यांना द्यायची?

रुग्णाची ओळख कधीही नाही. यंत्रातून निघालेली मूळ माहिती मात्र शक्य तेवढी हो. एनआयएचच्या पैशावर काम करणाऱ्यांना २०२३ च्या जानेवारीपासून माहिती जपण्याचा आणि वाटण्याचा आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो. प्रोटिओमिक्सवाले बरेच आधीपासून मूळ फाइली प्राइडसारख्या खुल्या भांडारांत ठेवत आले आहेत. प्राइड हे भांडार केंब्रिजजवळच्या युरोपीय संस्थेत आहे.

खुलेपणाचा फायदा २०१४ मध्ये दिसला. मानवी प्रथिनांचे दोन मसुदा-नकाशे त्या वर्षी एकदमच प्रसिद्ध झाले. एक जर्मनीतून, दुसरा अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स आणि बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा. दुसऱ्यात १७ हजारांहून जास्त जनुकांची प्रथिनं होती, आणि तपासलेल्या उतींमध्ये प्रौढ आणि गर्भावस्थेतलं हृदयही. लगेच इतर गटांनी मूळ माहिती उतरवून घेतली, पुन्हा तपासली आणि शंका काढली: नाकाशी संबंध नसलेल्या उतींत वास ओळखणारी इतकी प्रथिनं कशी? त्या चर्चेतून खोट्या ओळखी गाळण्याचे निकष पुष्कळ कडक झाले. फाइली कपाटात असत्या तर हे घडलं नसतं. कामाचं मोल त्याने कमी झालं असं मी मानत नाही. भारतीय संस्थेने इतकं मोठं काम उभं केलं आणि तपासायला जगापुढे ठेवलं, याचा मला अभिमान वाटतो.

लेखात कुणाचं नाव आधी, यावरून भांडणं होतात का?

होतात. प्रयोग सुरू व्हायच्या आधी कोण काय करणार आणि कुणाचं नाव कुठे येणार हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करायची. सामायिक प्रयोगशाळेने पैसे घेतले म्हणून तिथल्या शास्त्रज्ञाचा बौद्धिक वाटा पुसला जात नाही, हे त्या पानावर पहिलंच वाक्य असावं.

मी महाराष्ट्रात एमएस्सी करतोय / करतेय. अशा केंद्रात यायचं तर काय शिकू?

संख्याशास्त्र आणि आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा. प्रयोगशाळेतली कौशल्यं इथे आल्यावर सहा महिन्यांत शिकवता येतात. हजारो प्रथिनांच्या तक्त्यापुढे बसून खरा फरक आणि योगायोग वेगळे ओळखण्याची सवय तशी लागत नाही. प्राइडमधला हृदयाचा एखादा जुना संच उतरवा, स्वतः विश्लेषण करा, मूळ लेखाशी ताडा. पत्रासोबत तेवढं पाठवलंत तरी तुमचा अर्ज मी आधी उघडेन. ‘रिस्पेक्टेड सर’ ने सुरू होऊन शंभर जणांना एकदम गेलेलं पत्र ओळखू येतं, आणि वाचणारी मॅडम असेल तर जरा जास्तच लवकर.

प्रत्यक्ष यंत्र बघायला परदेशाची गरज नाही. पवईला आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभी राहिलेली राष्ट्रीय मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, दोन्हीकडे प्रोटिओमिक्सचं काम चालतं.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात असं केंद्र उभं राहू शकेल?

राहू शकेल, आणि अमेरिकेपेक्षा एका बाबतीत चांगलं. रुग्णसंख्या. अमेरिकेत एका केंद्राला वर्षभरात मिळतात त्याहून अधिक बायपासचे रुग्ण मुंबईतली मोठी रुग्णालयं फार थोड्या काळात हाताळतात. भारतातला मानवी हृदय प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केला होता. शस्त्रक्रियेची परंपरा जुनी आहे.

घोडं अडतं ते रुग्णालय आणि विद्यापीठ यांच्यातल्या अंतरापाशी. मला विचाराल तर सुरुवात यंत्रापासून करूच नये. शस्त्रक्रियागृहापासून चालत जाता येईल अशी एक खोली, दोन फ्रीझर, जनरेटर, द्रव नायट्रोजनचा भरवशाचा पुरवठा आणि पगारी समन्वयक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत नमुना-संग्रहावर स्वतंत्र प्रकरण आहे. संमतिपत्र त्यानुसार, आणि रुग्णाला कळेल अशा मराठीत. इंग्रजी मजकुरावर अंगठा नको. विश्लेषण सुरुवातीला आयआयटी किंवा एनसीएलकडून करून घ्या. कुठे कोणतं यंत्र वापरायला मिळेल हे आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर सापडतं. परदेशी गटाबरोबर काम करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, त्यासाठी वेळ राखून ठेवा.

पाच वर्षं नीट नोंदी ठेवून गोळा केलेले नमुने ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या दारी यंत्रवाले आपणहून येतात.

अनुदान संपलं की फ्रीझरमधल्या नमुन्यांचं काय?

स्थापनेच्या कागदपत्रांत याचं उत्तर नसेल तर केंद्र सुरू करू नये. विद्यापीठाने किमान साठवणुकीची हमी द्यावी, ती जमत नसेल तर नमुने कोणत्या संग्रहाकडे जातील ते नाव घालून लिहावं. लोकांनी विश्वासाने दिलेलं हृदय ते आहे.

माझ्यावर किंवा आईवर शस्त्रक्रिया होणार आहे. संशोधनासाठी नमुना दिला तर निकाल मिळेल का?

बहुधा नाही. संशोधन प्रयोगशाळेला रुग्णाच्या निदानासाठी अहवाल द्यायची मान्यता सहसा नसते, आणि आमची मोजणी गटांची तुलना करण्यासाठी असते. घरात कमी वयात हृदय निकामी झाल्याची किंवा अचानक मृत्यूची उदाहरणं असतील, तर संशोधनाच्या निकालाची वाट न बघता हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, टू-डी इको करून घ्या आणि जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा.

नमुना दिला नाही म्हणून उपचारात काडीचाही फरक पडत नाही. दिल्यानंतर मन बदललं तर संमती मागे घेता येते. शिल्लक उती नष्ट करतात. जी माहिती ओळख काढून आधीच प्रसिद्ध झाली ती मात्र परत घेता येत नाही, आणि हे सही करण्यापूर्वीच तुम्हाला कुणीतरी बसून सांगायला हवं. नाही सांगितलं, तर विचारा.